कालव्याचं पाणी घनमीटरवर: पाणी वापर संस्थेच्या सेवेची पारख

महाराष्ट्रात धरणाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला कालव्याचं पाणी दोन वाटांनी मिळतं. एक जुनी: पाणीमागणीचा अर्ज, म्हणजे नमुना नंबर 7, भरायचा, पीक आणि क्षेत्र लिहायचं, मंजुरी आली की पाटकऱ्याची, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाची, वाट बघायची. दुसरी वाट 2005 च्या कायद्याने पक्की केली, ज्याचं लांबलचक नाव 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम'. यात जलसंपदा विभाग पाणी शेतकऱ्याला देत नाही, पाणी वापर संस्थेला देतो, तेही लघुवितरिकेच्या, म्हणजे वितरिकेतून शेतांकडे निघणाऱ्या छोट्या शाखेच्या, तोंडाशी मोजून. आत कुणाला किती, कधी, कोणत्या दराने हे संस्थेने ठरवायचं. इथे पारख या दुसऱ्या सेवेची आहे.

निकाल आधीच सांगतो: घेण्यासारखी आहे. पण लघुवितरिकेच्या तोंडाशी मोजमापाची व्यवस्था धड नसेल तर ती जुनीच सेवा आहे, वर फक्त संस्थेच्या सभा आणि लेखापरीक्षण वाढतं.

जुन्या पद्धतीबद्दल फार लिहायचं कारण नाही. आकारणी पिकावर आणि क्षेत्रावर असते, त्यामुळे पाणी कमी वापरणाऱ्याला काही सुटत नाही आणि जास्त वापरणाऱ्याचं काही जात नाही. अर्जात हरभरा आणि शेतात ऊस निघाला तर पंचनामा. नव्या पद्धतीत पीक निवडायचं स्वातंत्र्य आहे, कारण विकलं जातं ते पाणी. तोंडाशी मोजलेल्या घनमीटरमध्ये ऊस लावा की कांदा, विभागाला देणंघेणं नाही. संस्था कार्यान्वित झाली की त्या क्षेत्रात वैयक्तिक अर्ज चालत नाहीत, हे मात्र आधी सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

धरण भरलं म्हणजे नेमकं काय मिळणार

सेवेची पहिली कसोटी धरणावर लागते, शेतापर्यंत जाणाऱ्या चारीवर नंतर. पेपरात धरणाची टक्केवारी येते ती उपयुक्त साठ्याची. उजनीचं उदाहरण घ्या. एकूण साठा 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे तळाचा, हिशेबात न धरायचा; म्हणजे टक्केवारी मोजायची ती वरच्या 53-54 टीएमसीवर. म्हणूनच उन्हाळ्यात उजनी 'वजा'मध्ये गेल्याच्या बातम्या येतात. पाणी दिसत असतं, हिशेबात नसतं. जायकवाडीत एकूण 2909 दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यात मृतसाठा 738, उपयुक्त 2171. तुमच्या प्रकल्पाचे हे तीन आकडे संस्थेच्या फळ्यावर कायमचे लिहून ठेवावेत. गाळाची फेरमोजणी कधी झाली तेही विचारावं, कारण जुन्या क्षमता तक्त्यावर वाचलेला साठा प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो.

हंगामाचं नियोजन 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर बसतं. खरीप 1 जुलै ते 14 ऑक्टोबर, रब्बी 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी 1 मार्च ते 30 जून. त्या दिवशीच्या उपयुक्त साठ्यातून आधी पिण्याचं आरक्षण, मग उद्योगांचं, मग बाष्पीभवन, मग जलाशयावरचे उपसा परवाने वजा होतात. उरलेलं कालव्यात येतं आणि कालव्यातही गळतं. समजा एका मध्यम प्रकल्पात 20 दलघमी उपयुक्त पाणी आहे. आरक्षण 3, बाष्पीभवन साडेतीन, उपसा दीड. कालव्याला 12 उरले. मुख्य कालवा आणि वितरिकेत 30 टक्के गेले तर लघुवितरिकांच्या तोंडाशी 8.4 दलघमी. हा आकडा हातात असेल तर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीनंतर 'पाच आवर्तनं', म्हणजे कालवा पाच वेळा सुटणार, हे ऐकून कुणी टाळ्या वाजवणार नाही, प्रत्येक आवर्तन किती दलघमीचं ते विचारील. आवर्तनांची संख्या वाढवून दिवस कमी करणं हा जुनाच खेळ आहे.

बाष्पीभवन किरकोळ समजू नका. आपल्याकडे जलाशयाच्या पृष्ठावरून वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उडतं. पसरट, उथळ धरणात त्याचा फटका जबर बसतो, जायकवाडी त्यातलंच. उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेलं पाणी जेवढं जास्त, तेवढं वाऱ्यावर जाणारंही जास्त. रब्बीत एक आवर्तन वाढवून उन्हाळी क्षेत्र कमी केलं तर त्याच साठ्यात जास्त हेक्टर भिजतात. ऊसवाल्यांना हे पटत नाही, आणि बहुतेक संचालक मंडळांत ऊसवाले असतात.

गोदावरी खोऱ्यात आणखी एक वजाबाकी आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या, म्हणजे मजनिप्राच्या, 2014 च्या आदेशाने 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के उपयुक्त साठा हा निकष ठरला. तो गाठला नाही तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी खाली सोडायची वेळ येते. त्या धरणांखालच्या संस्थांनी वरचं गणित करताना हाही रकाना ठेवावा.

पाळीचं गणित

कोटा घनमीटरमध्ये मिळतो, शेतकरी तास मोजतो. या दोन्हींमधला पूल संस्थेच्या सचिवाला पाठ हवा. एक हेक्टरला साडेसात सेंटीमीटर पाणी म्हणजे 750 घनमीटर. विमोचकातून, म्हणजे चारीतून शेताला पाणी देणाऱ्या दारातून, सेकंदाला 30 लिटर येत असतील तर सात तास. एकरी 303 घनमीटर, दोन तास 48 मिनिटं. 1 क्यूसेक म्हणजे सेकंदाला 28.32 लिटर, तेव्हा '30 लिटर' आणि 'एक क्यूसेक' हे शेतात साधारण एकच.

आता 200 हेक्टर रब्बीची लघुवितरिका घ्या. शेतात हवेत दीड लाख घनमीटर. चारीत 20 टक्के गेले तर तोंडाशी 1,87,500 लागतील. सेकंदाला 250 लिटरच्या प्रवाहाने हे 8 दिवस 16 तासांत येतं. विमोचकांपर्यंत पोचतात 200 लिटर, म्हणजे 30 लिटरचे सहा विमोचक एका वेळी चालतात. सातवा उघडला की सातही रडतात: प्रत्येकाला कमी पाणी, कमी प्रवाह शेताच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत वरचाच भाग पिऊन टाकतो, आणि तास वाढूनही भिजवण अर्धवट.

विभागाने पाणी आठऐवजी सहाच दिवस दिलं तर? तोंडाशी 1,29,600 आलं, विमोचकांवर 1,03,680, भिजलं 138 हेक्टर. राहिलेले 62 हेक्टर कुठले, हे सांगायला ज्योतिषी नको. शेपटाचे, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाचे.

म्हणून पाळीपत्रक शेपटाकडून मुखाकडे लावायचं. कायद्याने संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांना जागा दिल्या आहेत त्या याचसाठी. शेवटच्या विमोचकाला आधी पाणी दिलं आणि शेवटी तूट आली, तर ती मुखाकडच्यांना बसते. मुखाकडच्याच्या बांधापाशी दार असतं. त्याची तक्रार त्याच दिवशी शाखा अभियंत्यापर्यंत जाते. शेपटाचा माणूस ओरडतो तेव्हा कालवा बंद होऊन आठवडा झालेला असतो.

पाळीपत्रकात नाव, गट नंबर, क्षेत्र, सुरू आणि बंद व्हायची वेळ एवढं हवंच. त्याशिवाय दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी सुटतात. पहिली, चारी भरायला लागणारा वेळ. कोरडी, भेगाळलेली मातीची चारी पहिल्या पाळीत तासन्‌तास पाणी पिते; तो वेळ कुणाच्या नावावर टाकायचा हे ठरलेलं नसेल तर पहिल्याच रात्री भांडण. तो संस्थेच्या खात्यात घ्यावा. दुसरी, रात्रपाळी. दिवसा सहा विमोचक आणि रात्री दोन, बाकीचं ओढ्याला, असं चालत असेल तर मोजणी मात्र चोवीस तासांची होते. रात्रीचा नंबर दर पाळीला फिरता ठेवणं एवढाच यावर उपाय आहे. एका पाळीत ज्याला रात्र आली त्याला पुढच्या पाळीत दिवस.

फ्ल्यूम: सगळी सेवा इथे अडते

लघुवितरिकेच्या तोंडाशी बहुधा कटथ्रोट किंवा पार्शल फ्ल्यूम असतो. पाणी अरुंद गळ्यातून जातं, वरच्या बाजूला पट्टीवर पाण्याची उंची मोजायची, तक्त्यातून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती लिटर, काढायचा. हलणारा भाग एकही नाही, बिघडण्यासारखं काही दिसत नाही. तरी बिघडतं, आणि पैसे इथेच जातात.

2 फूट गळ्याच्या पार्शल फ्ल्यूममध्ये 250 लिटरला पट्टीवर साधारण 32-33 सेंटीमीटर उंची दिसते. विसर्ग उंचीच्या 1.55 घातात वाढतो. म्हणजे पट्टी एक सेंटीमीटर खाली बसली असेल तर वाचन एक सेंटीमीटरने जास्त आणि विसर्ग जवळजवळ पाच टक्क्यांनी जास्त लागतो. वरच्या 1,87,500 घनमीटरवर हे 9,000 घनमीटर झाले. चारीतली गळती वजा जाता साडेनऊ हेक्टरचं पाणी, न घेता कोट्यातून गेलं. पट्टी एक सेंटीमीटर वर बसली असेल तर उलट, आणि मग संस्थेत कुणालाच ती तपासायची घाई नसते.

तपासणी सोपी आहे. कालवा बंद असताना गवंड्याची लेव्हलची नळी घ्यायची. एक टोक फ्ल्यूमच्या उंबऱ्यावर, म्हणजे गळ्याआधीच्या सपाट तळावर, दुसरं पट्टीपाशी. नळीतलं पाणी उंबऱ्याच्या पातळीला असताना पट्टीवर शून्य आलं पाहिजे. शून्याजवळचे आकडे शेवाळाने झाकलेले असतात, ते आधी खरवडावेत. त्याच वेळी फ्ल्यूमचा तळ आडवा-उभा समतल आहे का तेही बघावं. खालचा भराव बसला की काँक्रीटचा अख्खा फ्ल्यूम एका अंगाला कलतो.

बाजूला छोटी कुंडी असते, पाइपने मुख्य प्रवाहाला जोडलेली, पाणी हिंदकळू नये म्हणून पट्टी तिच्यात. हा पाइप गाळ आणि शंख-शिंपल्यांनी तुंबतो. तुंबला की कुंडीतली पातळी प्रवाहाच्या मागे राहते: सकाळी दार उघडलं तरी कुंडी कालचंच सांगते. ओळखायची खूण अशी: बादलीभर पाणी कुंडीत ओता. पातळी लगेच मूळ जागी आली तर पाइप मोकळा, तशीच राहिली तर गज घालून साफ करा.

सगळ्यात महाग बिघाड खालच्या बाजूने येतो. फ्ल्यूमच्या पुढे लगेच एखादा विमोचक उंचावर असतो. तिथला शेतकरी पाणी चढावं म्हणून चारीत दगड आणि मातीची पोती टाकतो. पाणी मागे फुगतं, फ्ल्यूम बुडतो. 1 ते 8 फूट गळ्याच्या पार्शलला खालची उंची वरच्या उंचीच्या 70 टक्क्यांपर्यंत चालते; 33 सेंटीमीटरला 23 पर्यंत. त्यापुढे गेलं की पट्टीवर पातळी चढलेली दिसते आणि प्रत्यक्ष विसर्ग कमी असतो. नुसती वरची पट्टी वाचून साधा तक्ता लावला तर संस्था न मिळालेल्या पाण्याचे पैसे भरते, आणि ते पोत्यांमागच्या एका शेतकऱ्यामुळे. त्या विमोचकाची पातळी दुरुस्त करून घेणं हाच इलाज. दंड लावून पोती हटत नाहीत. गाळ आणि वाढलेलं गवतही हेच काम करतं, फक्त सावकाश. म्हणून फ्ल्यूमच्या पुढची 20-30 मीटर चारी प्रत्येक आवर्तनाआधी साफ हवी.

वाचन किती वेळा? कालव्याची पातळी दिवसभर स्थिर नसते, वरच्या वितरिकांची दारं उघडली-मिटली की इथे फरक पडतो. सकाळ-संध्याकाळ ही किमान. दर चार तासांनी वाचन असेल तर वाद उरत नाही. आणि उंचीची सरासरी काढू नये, विसर्गाची काढावी. 12 तास 20 सेंटीमीटर आणि 12 तास 40 असतील तर विसर्ग 118 आणि 345 लिटर, सरासरी 231. पण उंचीची सरासरी 30 धरून तक्ता बघितला तर 221 येतात. ही चूक संस्थेच्या बाजूची असल्याने फारशी बोलली जात नाही. वाचनाच्या वहीवर विभागाचा आणि संस्थेचा, दोघांच्या माणसांची सही रोजच्या रोज व्हावी. आवर्तन संपल्यावर एकदम भरलेल्या वह्या लगेच ओळखू येतात: सगळी शाई एकाच पेनाची आणि सगळे आकडे पाचाच्या पटीत.

ताबा घेण्याआधी

विभाग लघुवितरिका संस्थेकडे देतो त्याआधी संयुक्त पाहणी होते. इथे घाई करणाऱ्या संस्था पुढे दुरुस्तीत बुडतात. चालत जा, पूर्ण लांबी, आणि पाणी सुरू असताना जा. कोरड्या चारीत अस्तरीकरण झकास दिसतं. गळती पाण्यातच कळते. दाराचा स्क्रू पूर्ण वर-खाली होतो का आणि मिटल्यावर दाराखालून पाणी येतं का, हे हाताने फिरवून बघावं. मोऱ्या, पोटचाऱ्यांची टोकं, विमोचकांचे पाइप यांची यादी जागेवरच लिहावी. आणि पूर्ण प्रवाह सोडून शेवटच्या विमोचकाला पाणी किती वेळात आणि किती पोचतं ते मोजावं. ते पोचत नसेल तर दुरुस्तीची यादी पूर्ण झाल्याशिवाय सही करू नये. सहीनंतरची गळती संस्थेची. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ताबा कागदावर आधी होतो, दुरुस्ती 'निधी आल्यावर'. या सेवेतला सगळ्यात कच्चा दुवा हाच.

पैशांचं थोडक्यात: विभागाने संस्थेला लावायचे दर मजनिप्रा ठरवतं, सभासदांकडून घ्यायचे दर संस्था ठरवते. मधला फरक हेच संस्थेचं उत्पन्न, त्यातून पाटकऱ्याचा पगार आणि चारीची साफसफाई. सभासदाला तासावर आकारणी करावी, कारण तास सगळ्यांना दिसतो. पैसे पाळीआधी घ्यावेत. पाळीनंतरची वसुली ही उधारीच असते.

ही पद्धत चालते का, असं विचारणाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातला वाघाड प्रकल्प बघावा. तिथे शेपटाच्या गावांतून सुरुवात होऊन 24 संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे प्रकल्पस्तरीय संस्थाही. त्यांनी एक गोष्ट वेळेवर ओळखली: कालव्याचं पाणी मुरून विहिरीत येतं, तेव्हा विहीर आणि कालवा एकाच हिशेबात धरायचे. ओढ्यांवर बंधारे घालून आवर्तनाचं पाणी अडवायचं, विहिरी भरायच्या आणि दोन आवर्तनांमधला खंड विहिरीवर काढायचा. ज्या लाभक्षेत्रात विहिरी नाहीत किंवा खडक पाणी धरत नाही, तिथे हे जसंच्या तसं उचलून चालणार नाही.

ठिबकवाल्यांसाठी

घनमीटरचा कोटा ठिबकला सोयीचा वाटतो, पण आवर्तन 25 दिवसांनी येतं आणि ठिबकला पाणी रोज लागतं. मध्ये साठवण हवीच. 20 बाय 20 मीटर, 3 मीटर खोल, 1:1 उताराच्या शेततळ्यात 876 घनमीटर मावतात. 30 लिटरच्या विमोचकाला ते भरायला आठ तास लागतात. दोन एकरांची पाळी मात्र 5 तास 36 मिनिटांची, म्हणजे 605 घनमीटर. तळं भरत नाही. संस्थेच्या ठरावात शेततळ्यात कालव्याचं पाणी घ्यायची मुभा आहे का, हेही खोदण्याआधी बघावं. काही संस्था त्याला सरळ मनाई करतात.

605 घनमीटरवर किती भागतं? साडेसात सेंटीमीटर भागिले 25 दिवस, म्हणजे रोज 3 मिलिमीटर. थंडीत कांदा, हरभऱ्याला ठिबकवर हे जमून जातं. उन्हाळ्यात तळ्याच्या पृष्ठावरून 25 दिवसांत 80 घनमीटरपर्यंत उडतील, उरले 525, रोज 21. पूर्ण वाढलेल्या पिकाला दिवसाला 6 मिलिमीटर धरले तर एकरी 24 घनमीटर लागतात. दोन एकरांच्या पाळीवर उन्हाळ्यात एक एकरही पुरतं भिजत नाही, आणि हे आवर्तन वेळेवर आलं तर. लागवड फेब्रुवारीतच त्या मापाने आखावी.